सोलापुरात राहून प्राणिशास्त्राचे अध्यापन आणि माळरानावरचे संशोधन कसे करावे

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत प्राणिशास्त्र घेतलेली दोन-चार मुले-मुली विभागाच्या दारात घुटमळतात आणि शेवटी त्यांतला एकजण धीर करून विचारतो, "सर, वाइल्डलाइफमध्ये करिअर करायचं तर पुण्याला नाहीतर डेहराडूनलाच जावं लागतं का?" पंचवीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचे माझे उत्तर बदलत गेले आहे. पूर्वी मी डोळे झाकून 'जा' म्हणत असे. आता मी म्हणतो की शिकायला बाहेर जरूर जावे, पण ज्याला शिकवायचेही आहे आणि वन्यजीवांच्या परिसंस्थेवर संशोधनही करायचे आहे, त्याने कामाची जागा म्हणून सोलापूर जिल्ह्याचा विचार गंभीरपणे करावा. यामागे गावाची माया आहेच, परंतु मुख्य कारण व्यवहाराचे आहे. महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमाप्रमाणे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते, त्यावर परीक्षा, प्रवेश, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे आणि निवडणुकीची ड्यूटी येते. या रगाड्यातून उरलेल्या वेळेत जो अभ्यास बसतो तोच वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून ज्याचा प्राणी कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, त्याचे संशोधन चालू राहते. ज्याचा प्राणी मेळघाटात राहतो, त्याचे संशोधन बहुधा पीएच.डी.च्या प्रबंधापाशीच थांबते.

पदवीची तीन-चार वर्षे

बी.एस्सी.ला असताना बहुतेकांना वाटते की वन्यजीवांचे काम एम.एस्सी.नंतर सुरू होते. मी म्हणेन की ते पहिल्या वर्षाच्या श्रावणात सुरू व्हावे. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुख तलाव, तुळजापूर रस्त्यावर शहराला लागूनच आहे. विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार त्याहून जवळ. नान्नज बार्शी रस्त्यावर साधारण वीस किलोमीटरवर आहे आणि तिथे एसटीने किंवा वडापने जाता येते. यांपैकी एकच जागा निवडावी आणि दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी, एकाच वाटेने, दोन तास फिरून जे दिसेल ते वहीत लिहावे. दहा जागा एकेकदा पाहणाऱ्याकडे फोटो जमतात. एक जागा चाळीस वेळा पाहणाऱ्याकडे आधारसामग्री जमते, आणि पुढे मुलाखतीत विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला तीच कामाला येते.

वहीबद्दल एक आग्रह धरतो. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, आभाळ, वारा आणि 'काहीही दिसले नाही' हेही लिहावे. शून्याची नोंद न करण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही, आणि शून्ये नसलेल्या आकड्यांतून प्राण्यांची संख्या वाढली की घटली हे कधीच सांगता येत नाही. लिहायला पेन्सिल वापरावी. जेलपेनाने लिहिलेली माझी एक अख्खी वही पाण्याच्या बाटलीच्या सैल झाकणाने धुऊन काढली होती.

विषय निवडताना प्राणिशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र ठेवावे. माळरानावर काम करणाऱ्याला पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते नुसत्या पात्यावरून ओळखता आली पाहिजेत, कारण माळावरच्या चंडोलाला गवताच्या जातीशी आणि उंचीशी जितके देणेघेणे असते तितके आपल्या कोणत्याही सिद्धान्ताशी नसते. संख्याशास्त्राचा एखादा पेपर मिळत असेल तर तो टाळू नये. गणित नको म्हणून जीवशास्त्राकडे आलेली मुले पुढे पाच वर्षांनी त्याच गणितापाशी अडकलेली मी पाहिली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाखाली आखलेल्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. त्याचा उपयोग इंटरनेटवरची माहिती उतरवून स्पायरल बाइंडिंग करण्यासाठी न करता वर सांगितलेल्या वहीसाठी केला तर आयतेच काम होते.

एम.एस्सी. कुठे करावी

इथे तीन वाटा आहेत आणि तिन्ही मानाच्या आहेत. पहिली, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून किंवा संलग्न महाविद्यालयातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणे. २००४ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्यामुळे तुमचे शिक्षक, तुमचे वनरक्षक आणि तुमचे माळ एकमेकांच्या ओळखीत असतात, आणि हा फायदा बाहेरच्या विद्यार्थ्याला कळायला दोन वर्षे लागतात. दुसरी वाट पुण्याची; तिथे आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता हा विषय घेऊन एम.एस्सी. करता येते. तिसरी वाट खास वन्यजीवशास्त्राची, म्हणजे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). तिथल्या जागा मोजक्या असतात आणि प्रवेशाची कसोटी कठीण असते, पण क्षेत्रपद्धती आणि संख्याशास्त्राचे जे शिक्षण तिथे मिळते ते इतरत्र स्वतःच्या हिमतीवर मिळवावे लागते.

मात्र तिसऱ्या वाटेने जाण्याआधी एक गोष्ट तपासावी, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात नोकरीची जाहिरात निघते ती 'प्राणिशास्त्र' या नावाने. वन्यजीवशास्त्रातली पदवी त्या पदाला संबंधित विषय म्हणून धरली जाते की नाही, यावरून छाननीच्या टेबलावर वाद होतात आणि ते वाद उमेदवाराच्या गैरहजेरीत होतात. ज्याला प्राध्यापक व्हायचेच आहे त्याने एम.एस्सी. प्राणिशास्त्रात करून वन्यजीवांचे काम प्रबंधात आणावे, हा माझा सल्ला थोडा बचावात्मक आहे हे मला मान्य आहे.

नेट आणि सेट

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्गासाठी ५० टक्के, आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लागते. २०२३ च्या सुधारणेनंतर नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली, तरी प्रत्यक्ष निवडीच्या गुणांत पीएच.डी.चे वजन राहतेच.

जीवशास्त्राची नेट ही सीएसआयआर-यूजीसीची लाइफ सायन्सेस परीक्षा असते. तीन तास, २०० गुण. 'अ' भागात २० पैकी १५, 'ब' भागात ५० पैकी ३५ आणि 'क' भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, आणि त्या शेवटच्या २५ प्रश्नांना प्रत्येकी ४ म्हणजे एकूण १०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. अभ्यासक्रमाच्या १३ घटकांपैकी परिसंस्थेची तत्त्वे, उत्क्रांती व वर्तन, सजीवांची विविधता आणि संशोधनपद्धती हे चार घटक आपल्या माणसाचे हक्काचे. 'क' भागातले प्रश्न निवडता येत असल्यामुळे हे चार घटक खोलवर केले तर बराच पल्ला गाठता येतो. पण रेणूजीवशास्त्र आणि अनुवंशशास्त्र पूर्णपणे सोडून देणारा विद्यार्थी 'ब' भागात अडखळतो. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून ती आधी द्यावी. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे मिळते. ती न मिळाल्यास बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा, कारण मुदत थोडी असते आणि जातवैधता प्रमाणपत्र ऐनवेळी मिळत नाही.

पीएच.डी.चा प्रश्न कसा बेतावा

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

सोलापूरचे नाव घेतले की माळढोक आठवतो, आणि दर दोन वर्षांनी एखादी हुशार विद्यार्थिनी 'मला माळढोकवर पीएच.डी. करायची आहे' म्हणत येते. मी तिला परावृत्त करतो. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, रस्ते आणि लोकांची शेते अशी सगळी आली होती, आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. अलीकडच्या गणनांत इथे एखाद-दुसराच माळढोक नोंदला गेला आहे. एकावेळी सहसा एकच अंडे घालणारा, मीटरभर उंचीचा हा पक्षी कितीही जिव्हाळ्याचा असला तरी एक-दोन पक्ष्यांवर संख्याशास्त्र उभे राहत नाही. आणि समजा उभे राहिले, तरी पक्षी दिसला नाही म्हणून प्रबंध अडला, असे मार्गदर्शकाला सांगायची पाळी ज्याच्यावर येते त्याचे हाल मी पाहिले आहेत.

त्याऐवजी माळढोकाच्या घराचा अभ्यास करावा. गिरिपुष्पाची लागवड झालेला माळ आणि उघडा गवताळ माळ यांत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण किती बदलते? चराई बंद असलेल्या तुकड्यात नाकतोडे जास्त असतात की मेंढ्या चरून गेलेल्या तुकड्यात? खोकडाची बिळे बांधापासून किती अंतरावर असतात? धाविक पक्षी नांगरलेल्या रानात येतो तो कोणत्या महिन्यात? या प्रत्येक प्रश्नाला महिन्यातून चार सकाळी दिल्या तर तीन वर्षांत उत्तर मिळू शकते, दुर्मीळ प्राण्याच्या मर्जीवर राहावे लागत नाही, आणि उत्तराचा उपयोग माळढोकालाही होतो.

प्रश्न बेतताना कॉलेजचे आणि माळाचे वेळापत्रक शेजारी-शेजारी मांडून बघावे. जून ते ऑक्टोबर हे सत्र, म्हणजे नेमके गवत वाढण्याचे आणि माळावरच्या अनेक पक्ष्यांच्या विणीचे दिवस. त्या काळात तुमचे तास भरगच्च असतात, म्हणून विणीवरचा अभ्यास नोकरी करणाऱ्याने घेऊ नये, पूर्णवेळ जेआरएफने घ्यावा. नोव्हेंबरात परीक्षा आणि दिवाळीची सुटी येते आणि त्याच सुमारास भोवत्ये (हॅरियर हे शिकारी पक्षी) उत्तरेकडून माळावर उतरतात, उजनीच्या पाण्यावर आणि हिप्परग्यावर स्थलांतरित बदके आणि पट्टकादंब येऊ लागतात. हिवाळ्यात लांडग्यांची विण असते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरातले तास तसेही विस्कळीत होतात. थोडक्यात, ज्याला १६ तास शिकवायचे आहेत त्याने हिवाळ्याचा प्राणी निवडावा. भोवत्ये संध्याकाळी एकत्र मुक्कामाला उतरतात, तेव्हा शेवटचा तास संपवून निघालेला प्राध्यापकही ते मोजायला वेळेत पोहोचतो. हे विनोदाने म्हणत नाही. माझा स्वतःचा बारा हिवाळ्यांचा अभ्यास एवढ्या एका सोयीवर उभा आहे.

मार्गदर्शक निवडताना त्याच्या नावापुढच्या पदव्यांपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. त्याच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत, कारण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला ४, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि प्राध्यापकाला ८ यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि तो शेवटचा माळावर कधी गेला होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षांत न येता महिन्यांत आले तर पुढे बोलावे. पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. त्यांतले पहिले सहा महिने कोर्सवर्क आणि संशोधन समितीपुढच्या सादरीकरणात जातात, हे हिशेबात धरावे.

परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात अभ्यासासाठी जायला परवाना लागतो. प्राणी पकडायचा, त्याच्या गळ्यात पट्टा बसवायचा किंवा रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तर कलम १२ लागू होते, आणि काळवीट, लांडगा, माळढोक असे पहिल्या अनुसूचीतले प्राणी असतील तर प्रकरण थेट केंद्रापर्यंत जाते. अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाकडे करावा लागतो आणि त्याची प्रत स्थानिक परिक्षेत्र कार्यालयात द्यावी. अभयारण्याबाहेरच्या खासगी रानात नुसते निरीक्षण करायला हा परवाना लागत नाही, पण शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. गट नंबरासह त्याचे नाव आणि त्याने दिलेला होकार वहीत लिहून ठेवावा.

माझ्या पहिल्या अर्जाची हकिकत सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यातले काम होते म्हणून मी मेअखेर अर्ज केला आणि पत्र हातात पडले ते दिवाळीत. एक वर्ष गेले. त्या कार्यालयावर मी बराच काळ राग धरून होतो. पुढे माझ्याच अर्जाची प्रत वाचली तेव्हा लक्षात आले की त्यात 'वन्यजीवांचा सर्वंकष अभ्यास' असे लिहिले होते. कोणता प्राणी, किती माणसे, कोणत्या महिन्यात, वनाच्या कोणत्या कक्षात, रात्री थांबणार की नाही, यातले काहीच नव्हते, त्यामुळे ती फाइल प्रत्येक टेबलावर खुलाशासाठी थांबली असणार. आता मी विद्यार्थ्यांकडून काम सुरू करायच्या निदान आठ महिने आधी अर्ज करवून घेतो, आणि त्यात कोणत्याही प्राण्याला हात लावला जाणार नाही हे वाक्य असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात घालायला लावतो.

माळावरची एक सकाळ

पद्धती पुस्तकात वाचून कळत नाहीत, म्हणून काळविटांच्या मोजणीची एक सकाळ जशी घडते तशी सांगतो. आधी नकाशावर दोन-दोन किलोमीटरच्या सरळ रेषा आखलेल्या असतात, आणि त्या पायवाटेला किंवा पाणवठ्याला धरून आखायच्या नसतात, कारण प्राणी तिथे आधीच जास्त असतात. उजाडता उजाडता दोघे निघतात; एकजण पाहतो, दुसरा लिहितो. कळप दिसला की थांबायचे, रेंजफाइंडरने कळपापर्यंतचे अंतर आणि होकायंत्राने चालण्याच्या रेषेशी होणारा कोन घ्यायचा. कळप १२० मीटरवर आणि कोन ३० अंशांचा असेल तर रेषेपासूनचे लंब अंतर १२० गुणिले साइन ३०, म्हणजे ६० मीटर. असे प्रत्येक कळपाचे लंब अंतर जमले की दूरच्या कळपांपैकी किती नजरेतून सुटले याचा अंदाज बांधता येतो आणि त्यावरून घनता काढता येते.

ही पद्धत तीन गृहीतकांवर उभी आहे: रेषेवरचा प्राणी कधीच सुटत नाही, तो आपल्याला पाहून हलण्यापूर्वीच त्याची जागा नोंदवली जाते, आणि अंतर अचूक मोजले जाते. यांपैकी तिसरे गृहीतक माझ्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वेळा मोडले आहे. एका वर्षी रेंजफाइंडर बंद पडला आणि एका मुलाने अंतरे नजरेने लिहिली. हिवाळ्याच्या शेवटी आलेख काढला तर ५०, १०० आणि १५० या आकड्यांवर तीन मनोरे उभे राहिलेले, मधे सपाट मैदान. काळवीट काही पन्नासाच्या पटीत उभे राहत नाहीत. तो सगळा हंगाम बाजूला ठेवावा लागला. घनतेचा विश्वासार्ह अंदाज करायला निदान ६० ते ८० कळपांच्या नोंदी लागतात, त्यामुळे एक हंगाम गमावणे म्हणजे किती गमावणे, हे त्या मुलाला नंतर सांगावे लागले नाही.

कॅमेरा ट्रॅपचेही, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचेही, तसेच. खोकड किंवा कोल्ह्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या खाली, साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर बांधावा, त्याचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवावे म्हणजे उगवत्या-मावळत्या सूर्याने फोटो पांढरे होत नाहीत, आणि समोरचे दोन-तीन मीटर गवत हाताने उपटून टाकावे. हे शेवटचे न केल्यामुळे माझ्याकडे एका आठवड्यात वाऱ्यावर डोलणाऱ्या कुसळीचे हजारो फोटो जमले होते, आणि त्यात एकच प्राणी होता: जवळच्या वस्तीवरचे कुत्रे.

माणसांशी बोलणे हाही पद्धतीचाच भाग आहे. लांडग्याबद्दल धनगराला जेवढे कळते तेवढे आपल्याला कॅमेऱ्याने कळत नाही, पण विचारायची रीत असते. 'लांडग्यामुळे किती नुकसान होते?' असे विचारले तर राग आणि भरपाईची आशा यांच्या मिश्रणातून निघालेला आकडा मिळतो. 'या महिन्यात शेवटचं मेंढरू कोणत्या रात्री गेलं, वाघर (मेंढ्यांभोवतीचं जाळं) कुठं लावली होती, कुत्रं बांधलेलं होतं का?' असे विचारले तर माहिती मिळते. अक्कलकोटच्या बाजूला बरेच जण कन्नड बोलतात आणि तिथे लांडग्याला 'तोळ' म्हणतात. हा एक शब्द माहीत असला तरी बोलणे निम्म्याने सोपे होते. सोबत शिदोरी न्यावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसभर टिकते आणि वाटून खाताना ओळख होते.

नोकरीची वाट बघताना

सेट झाली, पीएच.डी. झाली, तरी अनुदानित पदाची जाहिरात लगेच निघेल असे नाही. मधली वर्षे बहुतेकांची तासिका तत्त्वावर जातात. या पदाला सुटीचा पगार नसतो, मानधन उशिरा येते आणि अनुभव धरला जाण्यासाठी विद्यापीठाची मान्यता असलेली नेमणूक लागते. म्हणून दरवर्षी नेमणुकीचे पत्र आणि मान्यतेचे पत्र दोन्ही मागून घ्यावे, लाजू नये. या काळात परदेशी छोट्या अनुदानांसाठी, उदाहरणार्थ ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनच्या अनुदानासाठी, अर्ज करता येतो; त्याला कायम नोकरी लागत नाही, स्पष्ट प्रश्न आणि स्थानिक ओळख लागते, आणि ती तुमच्याकडे असते. कायम झाल्यावर पीएच.डी. असलेल्याला पुढच्या स्तरावर जायला ४ वर्षे, नसलेल्याला ६ वर्षे लागतात.

शोधनिबंध कुठे छापावा याबद्दल थोडक्यात: पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून चांगले-वाईट ओळखायची जबाबदारी आपल्यावरच आली आहे. क्षेत्रनोंदींसाठी कोइमतूरहून निघणारे जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा आणि १८८६ पासून निघणारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जर्नल ही दोन दारे आधी ठोठवावीत.

वर्गात माळ कसा आणावा

यूजीसीने २०१४ मध्ये विच्छेदन थांबवायला सांगितल्यापासून प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके अनेक ठिकाणी तक्ते आणि व्हिडिओंवर आली आहेत. ही पोकळी मी माळाने भरतो. कॉलेजच्या मागच्या पडीक जागेत एक मीटरच्या चौकटी टाकून गवत आणि किडे मोजणे हे दोन तासांच्या प्रात्यक्षिकात बसते. एकाच तुकडीतल्या दहा गटांचे आकडे फळ्यावर लिहिले की सरासरी, प्रसरण आणि नमुन्याचा आकार हे तिन्ही एकाच तासात शिकवून होतात, आणि मुले भांडतातही, कारण कोणाची चौकट मुंग्यांच्या वारुळावर पडलेली असते. ती काढून टाकायची की ठेवायची, यावर अर्धा तास जातो. जाऊ द्यावा. काळविटांच्या आलेखावरचे ते तीन मनोरे मी दरवर्षी याच तासाला दाखवतो.

हंगाम संपला की आणखी एक काम करायचे असते. प्रबंध इंग्रजीत असतो आणि तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो. त्यातले जे कळले ते मराठीत दोन पानांत लिहून, एका नकाशासह, परिक्षेत्र कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि ज्यांच्या रानातून रेषा गेली त्या शेतकऱ्यांना द्यावे. मी पहिल्यांदा असे दोन पान दिले तेव्हा एका वनरक्षकाने नकाशावर बोट ठेवून सांगितले की तिसरी रेषा जिथे संपते त्याच्या पलीकडच्या ओढ्यात खोकडाची दोन बिळे आहेत आणि ती माझ्या नकाशात नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात मी चौथी रेषा त्या ओढ्यातून आखली.